जादा भार आकार कमी करायचा तर आधी पनीरचं पाणी वेगळं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूर भागात दूध संकलन आणि पनीरचं युनिट आहे. रोज 10 हजार लिटरचे दोन टँकर सांडपाणी पालिकेच्या प्रक्रिया केंद्रात जातं. नमुन्यात बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरमागे 1500 मिलिग्रॅम निघाला आणि बिलात जादा भार आकार, म्हणजे मर्यादेवरच्या घाणीचं शुल्क, लागलं. हिशोब बरोबर आहे का, आणि साधं पाणी मिसळून भागेल का?

आधी हिशोब. लिटरमागे 1 मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरमागे 1 ग्रॅम. तुमच्या करारात मर्यादा 350 धरली असेल (सार्वजनिक गटारासाठी पर्यावरण संरक्षण नियमांत हाच आकडा आहे), तर 1500 वजा 350 म्हणजे 1150. त्याला रोजच्या 20 घनमीटरने गुणा, किलो करायला हजाराने भागा. रोजचे 23 किलो जादा. करारातला किलोचा दर याला लावून बिल ताडून पाहा. काही ठिकाणी मर्यादेच्या वरचाच नाही तर पूर्ण भार धरतात, म्हणून कराराचं ते कलम नीट वाचा.

पाणी मिसळलंत तर कागदावर 23 चे 16 किलो होतील खरे, पण त्यासाठी दोनाचे चार टँकर लागतील. वाहतूक दुप्पट, घनमीटरचा आकार दुप्पट, आणि पाणी मिसळायला करारात सहसा मनाईच असते. उन्हाळ्यात आपल्याकडे चांगलं पाणी असं ओतणं मला तर पटतच नाही.

खरा भार कुठून येतो ते बघा. 500 लिटर दुधाचं पनीर केलं की 400 लिटरच्या आसपास पनीरचं पाणी, म्हणजे व्हे, निघतं. त्याचा बीओडी साधारण 35 हजार धरा. म्हणजे 14 किलो भार एकट्या व्हेचा, आणि तुमचा रोजचा एकूण भार 30 किलो. हे पाणी नालीत न सोडता वेगळ्या टाकीत काढलं तर बाकीचं सांडपाणी 800 च्या आसपास येतं आणि जादा भार 23 वरून 9 किलोवर उतरतो. यंत्र एकही घ्यावं लागत नाही. पनीरच्या टाकीला तळाचा वेगळा व्हॉल्व्ह आणि व्हेसाठी झाकणाची टाकी, एवढं पुरतं. गुराढोरांना द्यायचं तर त्याच दिवशी ताजं द्या, आणि सुरुवात थोडक्यापासून करा. मे महिन्यात हे पाणी काही तासांत आंबतं.

दुसरा चोर म्हणजे कॅन आणि टाकीची पहिली धुवण. एक लिटर दुधाचा बीओडी 100 ग्रॅमच्या वर असतो. टाकी पूर्ण निथळू द्या, पहिलं थोडं पाणी मारून ते व्हेच्या टाकीत घ्या, मगच कॉस्टिकची (सोड्याच्या तीव्र द्रावणाची) धुलाई. कॉस्टिक आणि ॲसिडच्या धुण्याचं पाणी मात्र एकाच समतोल टाकीत (सांडपाणी एकत्र साठवून एकसारखं करायची टाकी) सोडा, एकमेकांना बरंच मारतं. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे त्याचं माप) 5.5 ते 9 च्या बाहेर गेला तर तो नियमाचा वेगळा भंग.

चरबीचा सापळा (तूप-चरबी वर तरंगवून अडवणारी टाकी) बसवताना दिवसाची सरासरी धरू नका. धुलाईच्या दोन तासांत 5 घनमीटर तासाला येत असेल तर पाणी आत अर्धा तास थांबेल या हिशोबाने अडीच घनमीटरचा सापळा हवा. उकळतं पाणी थेट आत आलं की तूप वितळून आडभिंतीखालून निघून जातं. म्हणून थंड झाल्यावरच सोडा.

समतोल टाकीत हवा देणारा ब्लोअर लाइट गेल्यावर बंद पडतो, आणि तेव्हाच घात होतो: दुधातल्या साखरेचं लॅक्टिक ॲसिड होऊन पीएच खाली येतो, सडका वास सुटतो. त्यामुळे उन्हाळ्यात टाकीत एका दिवसाच्या वर पाणी साठवू नका.

आता नमुन्याबद्दल, कारण वाद इथेच होतो. टँकर वाटेत उभा राहिला की गाळ तळाशी बसतो, तूप वर येतं. तळाचा व्हॉल्व्ह उघडताच बाटली भरली तर पहिला गाळच त्यात येतो आणि आकडा फुगतो. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन वेळी घेऊन मिसळलेला नमुना मागा, त्याचे दोन भाग करून एक सीलबंद तुमच्याकडे ठेवा. तेल-तुपाचा नमुना मात्र काचेच्या बाटलीत थेट घ्यायचा, तो मिसळायचा नसतो. बीओडीची बाटली बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत चाचणीला लागायला हवी. चाचणी आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवसांची असते. जुन्या कागदांवर 20 अंशांवर 5 दिवसांची दिसेल. दोन्ही अहवाल एकाच पद्धतीचे असतील तरच तुलना करा.

बिल सीओडीवर (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) असेल तर आणखी एक गोष्ट. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, येतं. बोअरच्या पाण्यातला क्लोराइड (मिठाचा अंश) चाचणीत पुरेसा दाबला नाही तर सीओडी खोटा वाढतो, 1000 मिलिग्रॅम क्लोराइडमागे 226 पर्यंत. दुधाच्या सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या दीड ते दुप्पट असतो. अहवालात तिप्पटीच्या वर दिसला तर आधी क्लोराइड मोजून घ्या आणि फेरतपासणीचा लेखी अर्ज द्या. अर्ज करारातल्या मुदतीतच करा आणि पोच घ्या.