एक दिवसाआड गोळी

वाचकांचे प्रश्न : औषधांचा हिशेब
(उत्तरं देतात फोंड्याच्या एक निवृत्त फार्मासिस्ट)

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या मिस्टरांना (वय 54) काही वर्षांपूर्वी ब्लड कॅन्सर निघाला, सीएमएल. रोज इमॅटिनिब 400 ची एक गोळी चालू आहे आणि ती बंद करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. खाणी चालू होत्या तेव्हा आमचे दोन ट्रक होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला, 2018 मध्ये दुसरा. आता घराला लागून छोटं दुकान आहे. मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जातो. औषधांचे महिन्याला आठ-नऊ हजार होतात. चवथीची साफसफाई करताना कपाटात गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. विचारलं तर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो, मला काही होत नाही. पुढच्या वर्षी मुलाचं लग्न काढायचंय." स्वस्तातली गोळी घ्यावी तर फार्मसीवाला म्हणतो, "ती नकली असते, माणसाच्या जिवाशी खेळू नका." जाऊबाई म्हणतात, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) न्या, तिथे फुकट मिळेल. पण ह्यांना सरकारी रांगेत उभं राहायला कमीपणा वाटतो. माझ्या पाटल्या मोडाव्यात का?
— एक भगिनी, डिचोली

उत्तर : पाटल्या तूर्त हातातच राहू द्यात. आधी कपाटातल्या पट्ट्यांचं बघू.

"मला काही होत नाही" हे तुमचे मिस्टर खोटं सांगत नाहीत. त्यांना खरंच काही जाणवत नसणार, आणि या आजारात घात होतो तो इथेच. सीएमएलमध्ये शरीरात एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना सारखं "वाढा, वाढा" म्हणत राहतं. इमॅटिनिब त्याचं तोंड बंद ठेवते. पण घेतलेली गोळी रक्तात साधारण अठरा तासांत निम्मी होते. म्हणून ती रोज लागते. एक दिवस गाळला की पुढच्या गोळीपर्यंत रक्तात औषध फारच थोडं उरतं, आणि तेवढ्या वेळात त्या पेशींना मोकळं रान मिळतं. त्याने ताप येत नाही, काही दुखत नाही. कळतं ते थेट बीसीआर-एबीएलच्या, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टमध्ये, तेही काही महिन्यांनी.

आता पैशांचंच बोलू, कारण मिस्टरांना तीच भाषा पटेल. रिपोर्ट बिघडला की डॉक्टर काय समजतील? गोळी लागू पडेनाशी झाली. मग ते डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिबवर नेतील. ती औषधं बहुतेक वेळा इमॅटिनिबपेक्षा महाग पडतात आणि त्यांचे त्रास वेगळे. म्हणजे जी गोळी कदाचित उत्तम चालली असती, तीच "फेल" म्हणून बाद व्हायची. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच : "डॉक्टर, हे मधे एक दिवसाआड घेत होते." कधीपासून, तेही सांगा. मिस्टर खुर्चीत चुळबूळ करतील, करू द्यात. आजपासून मात्र रोज एक, आणि ती भरपेट जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. चुकलेल्यांची भरपाई म्हणून एका दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आणखी एक विचारून घ्या, जरा निवांत असताना. फक्त पैशांसाठीच गाळत होते का? या गोळीने मळमळतं, पायात गोळे येतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. पुरुषमाणसं त्रासाचं सांगत नाहीत, खर्चाचं कारण पुढे करतात. काउंटरमागे उभी राहून मी हे पुष्कळ पाहिलंय. तसं असेल तर त्यावरही डॉक्टरांकडे उपाय असतात.

फार्मसीवाल्याच्या "नकली"बद्दल. या गोळीचा इतिहास त्याला ठाऊक नसावा. इमॅटिनिब मूळची नोव्हार्टिस कंपनीची, ग्लिवेक नावाने. तिचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात जायचा. आपल्याकडच्या कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. पेटंटचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था त्यात कंपनीच्या विरोधात उभी होती. 1 एप्रिल 2013 ला कोर्टाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. जुन्याच औषधाचं थोडं वेगळं रूप काढलं म्हणून नवं पेटंट मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. तुमचे मिस्टर आज जी गोळी लपवून ठेवतात ती त्यांच्या खिशाला निदान झेपते, ते या भांडणामुळे. फार्मसीवाला जी "चांगली" म्हणून देतो, तीही बहुधा देशी कंपनीचीच जेनेरिक असणार, फक्त नाव गोंडस. पट्टी उलटी करून बघा. 2018 पासून औषधाचं मूळ नाव, म्हणजे इथे इमॅटिनिब, कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. खाली कारखान्याचा पत्ता असतो. वेर्णा, कुंडई, पिळर्ण असं काही तिथे वाचलंत तर नवल वाटून घेऊ नका. देशभरातल्या कपाटांत गोव्याची पट्टी असते आणि आपल्याच माणसाला ती परवडत नाही, याचा मला आजही राग येतो. मुलालाच विचारा. एकाच मशीनवरून सकाळी एका कंपनीची पट्टी निघते आणि दुपारी दुसऱ्या कंपनीची, हे त्याने पाहिलं असेल.

नकली औषधं नसतातच असं मात्र मी म्हणणार नाही. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत भलतंच औषध भरून विकत होती. पण बघा, नक्कल महागाची झाली. नकलीपासून वाचवतं ते पक्कं बिल. बिलावरचा बॅच नंबर आणि पट्टीवरचा नंबर जुळवून घ्या. बिल न देता "ओळखीतून स्वस्तात" देतो म्हणणारा कोणीही असो, त्याच्याकडून घेऊ नका. संशय आला तर पट्टी आणि बिल घेऊन बांबोळीला एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) कार्यालयात जा.

आता तो कमीपणा. मिस्टरांना माझा निरोप सांगा : खाणीवर ट्रक घालणारा माणूस वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास उभा राहिलेला असतो, त्याला गोमेकॉच्या रांगेची कसली लाज? तिथे कॅन्सरचे डॉक्टर बसतात. गोंयकारांना उपचार मोफत आहेत. बाहेरच्या राज्यांतल्यांना 2018 पासून पैसे भरावे लागतात. निदानाचे जुने कागद, बीसीआर-एबीएलचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून, आणि रहिवासाचा पुरावा घेऊन सकाळी लवकर पोचा. इमॅटिनिब तिथल्या औषधालयातून मिळते का ते त्याच दिवशी विचारा. औषध संपलंय म्हणाले तर "पुढच्या वेळी बघू" म्हणून परत फिरू नका. चिठ्ठीवर तसं लिहून घ्या आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. काही कंपन्या गरजू रुग्णांना औषध मोफत किंवा सवलतीत देतात. त्यांचे अर्ज डॉक्टरांमार्फतच जातात आणि कोणाचा अर्ज कुठे करायचा हे या अधिकाऱ्यांना ठाऊक असतं. तुमचे खाजगी डॉक्टर सोडायलाच हवेत असंही नाही. औषध आणि तपासण्या गोमेकॉत, सल्ला दोघांचा, असं पुष्कळ जण करतात. फक्त दोघांपासून काही लपवू नका.

दीनदयाळ कार्ड, म्हणजे राज्य सरकारच्या आरोग्यविम्याचं, तुमच्याकडे असेलच. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. पण ते मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळीचं बिल त्यात बसेल या भरवशावर राहू नका. तरी कार्डाची मुदत मात्र संपू देऊ नका.

तुम्ही बिलाची झेरॉक्स पाठवलीत ते बरं केलंत. मी ती चष्मा लावून दोनदा वाचली. सहा ओळी आहेत. इमॅटिनिबची ओळ निम्म्याहून थोडी जास्त. बाकीच्या पाच ओळींत एक लिव्हर टॉनिक, दोन वेगवेगळ्या नावांची मल्टिव्हिटॅमिनं (आत जवळजवळ तेच), पित्ताची गोळी, आणि हजाराच्या आसपासचा प्रोटीन पावडरचा डबा. माझं मत विचाराल तर वाचवायची जागा ही आहे. मिस्टरांनी कात्री लावली ती नेमकी ज्या ओळीला लावायची नाही तिला! पण या ओळीही तुम्ही आपल्या मनाने खोडू नका. कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ म्हणा : "महिन्याला आम्हाला एवढेच झेपतात. यातलं काय सोडलं तर चालेल आणि काय अजिबात सोडायचं नाही?" डॉक्टर रागावत नाहीत. आपण बोलत नाही म्हणून आपल्याला परवडतंय असंच त्यांना वाटत राहतं. जाता जाता चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागा. शक्यतो जेनेरिक नावानेच लिहावं असं 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांतच आहे. त्यांनी डब्याला फुली मारली तर अंडी, मूग, कुळीथ आणि बाजारात स्वस्त असेल त्या दिवशी बांगडा.

आता मुख्य गोळी कुठून घ्यायची? इमॅटिनिब सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे तिच्या किमतीला कमाल मर्यादा ठरलेली आहे. "फार्मा सही दाम" नावाचं सरकारी ॲप मुलाच्या फोनवर घ्या, औषधाचं नाव घाला, वेगवेगळ्या कंपन्यांचे दर समोर येतात. मर्यादेच्या खालीही दरांत मोठी तफावत असते. दोन-तीन फार्मसींत मूळ नाव सांगून दर विचारा, छापील किमतीवर किती सूट तेही विचारा. कॅन्सरच्या गोळ्यांत दुकानदाराला जागा असते, न मागता तो ती देत नाही. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. मात्र कॅन्सरची औषधं तिथे नेहमी ठेवलेली नसतात, आधी फोन करून मागवून घ्यावी लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, बिलात तो उतरलाय ना बघा. आणि कंपनी बदललीत तर डॉक्टरांना सांगून बदला, मग दर महिन्याला नवी नको, एकीवर टिकून राहा.

मुलाचा पगार करपात्र असेल आणि वडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर आयकरात (1961 च्या कायद्यातलं 80डीडीबी कलम) 40,000 रुपयांपर्यंतची वजावट मिळते (रुग्ण साठीच्या पुढचा असला तर एक लाख). तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत नाही.

पाटल्यांचं शेवटी. सोनं एकदाच मोडता येतं, गोळी दर महिन्याला लागते. म्हणून आधी महिन्याचा खर्च दुकानाच्या कमाईत बसेल इतका खाली आणा. वर सांगितलेल्यातलं निम्मं जरी जमलं तरी तो येईल. त्यानंतरही कधी मोठा खर्च आला तर पाटल्यांचा विचार करा, आणि मोडण्याआधी गहाणाचा. लग्नाच्या खर्चाचं मुलाला खुलेपणाने सांगा. बापाने गोळ्या गाळून जमवलेल्या पैशांवर मांडव घालायचा हे त्यालाही नको असेल.

प्रश्न : आईचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. टॅक्रोलिमस चालू आहे. या वेळी फार्मसीवाल्याने विचारल्याशिवाय दुसऱ्या कंपनीचं दिलं, म्हणाला, "औषध तेच, चारशे रुपये वाचले." खरं का?
— मडगाव

उत्तर : चारशे वाचले हे खरं. पण ते आज सुरू करू नका. वर डिचोलीच्या भगिनींना कंपनी बदलायला मी मोकळीक दिली, तुम्हाला देत नाही. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी अगदी अरुंद पट्ट्यात राहावी लागते : खाली गेली तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं, वर गेली तर त्याच किडनीला इजा. कंपनी बदलली की पातळी हलू शकते. स्वस्त कंपनीवर जाता येतं, नाही असं नाही. पण डॉक्टरांना सांगून, आणि बदलल्यावर रक्तातली पातळी तपासून. फिटच्या, थायरॉइडच्या आणि वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनाही हेच लागू.

पाकीट फोडलं नसेल तर बिल दाखवून परत करा. डॉक्टरांची भेट होईपर्यंत जुन्या कंपनीच्या हव्या तेवढ्याच सुट्या घ्या. सुटं देताना दुकानदाराला पट्टीच्या हिशेबानेच पैसे घेता येतात, जास्त नाही. मुदतीची तारीख छापलेला तुकडाच मागून घ्या. आणि पुढच्या वेळी पातळीची तपासणी कराल तेव्हा रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशी कुठल्या कंपनीचं चालू होतं ते पेनाने लिहून ठेवा.