वाईट काळात ध्यानाचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की सोयाबीन पाण्यात गेलं, घरात आजारपण, डोक्यात रात्रंदिवस तेच ते चालू, अशात ध्यान करून काही फरक पडतो का ती नुसती मनाची समजूत. फरक पडतो, पण तुम्ही ज्या फरकाची वाट बघताय तो नाही पडत.

आमची अंबड तालुक्यात तीन एकर मोसंबी होती, बारा वर्षांची झाडं. 2012 ला पाऊस दगा देऊन गेला अन् 2013 च्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला नुसता गाळ. टँकर विकत घेऊन घेऊन झाडं जगवली, जगवली म्हणजे एप्रिलपर्यंत, नंतर पैसेच संपले. पुढं जेसीबी लावून झाडं उपटली अन् लाकूड वखारीवाल्याला दिलं. त्याच वर्षी मायला लकवा मारला. तेव्हापासून रोज रात्री तीनला जाग यायची अन् हिशोब सुरू, सोसायटीचे एवढे, बँकेचे एवढे, दुकानाची उधारी एवढी, दवाखाना वेगळाच. टोटल जुळायची नाही, अन् जुळली तरी परत पहिल्यापासून.

गावातले एक रिटायर गुरुजी मागं लागले म्हणून इगतपुरीला विपश्यनेच्या, म्हणजे गप्प बसून ध्यान करायच्या, शिबिराला गेलो. खरं सांगतो, फी नाही म्हणून गेलो. दहा दिवस बोलणं बंद, मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा, सकाळी नाश्ता, अकराला जेवण अन् संध्याकाळी चहा-मुरमुरे, झालं. पहिले तीन दिवस काय करायचं तर श्वास नाकाला कुठं लागतो ते बघत बसायचं, त्याला आनापान म्हणतात. श्वास ओढायचा नाही, धरायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. मला वाटलं यात काय एवढं, अन् दुसऱ्या दिवशी डोळे मिटून मी सोसायटीचं व्याज काढत बसलेलो! गुडघ्यांची तर वाट लागली होती.

पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, अन् माझ्या मते मी तिथून आणलं ते एवढंच. हिशोब डोक्यात सुरू व्हायच्या आधी माझ्या पोटात, बेंबीच्या वर, एक गोळा येतो. आधी गोळा, मग आकडे. इतके महिने मी आकड्यांशीच भांडत होतो अन् गोळ्याकडं कधी बघितलंच नव्हतं. घरी आल्यावर रात्री जाग आली की पडल्या पडल्या त्या गोळ्याकडं लक्ष द्यायचो, तो घट्ट होतोय का सुटतोय एवढंच बघायचं, आकडे आले की परत गोळ्यावर. दहातल्या तीन-चार रात्री झोप लागायची. बाकी रात्री नाही. पण ज्याला रोजच झोप नव्हती त्याला तीन-चार लै झाल्या. कर्ज तेवढंच होतं बरं का, एक रुपया कमी झाला नाही. फक्त सकाळी बँकेत गेलो की साहेबासमोर आवाज चढायचा तो कमी झाला.

गुरुजी म्हणायचे हे सगळं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे, अन् माउलींचं आपेगाव तर आमच्या बाजूलाच. मी अजून तो अध्याय पुरा वाचला नाही.

तुम्ही लगेच दहा दिवसांच्या शिबिराला पळू नका. मन फार खचलेलं असताना दहा दिवस गप्प बसणं काही जणांना झेपत नाही, उलट त्रास वाढतो, म्हणूनच फॉर्ममध्ये मानसिक आजाराचं, चालू औषधांचं विचारतात, तिथं खरं लिहा. घरीच दहा मिनिटं करून बघा, खुर्चीवर बसून चालतं. मी तर रात्रीची लाईट असली की मोटर चालू करून बांधावर बसतो, पाणी दंडातून सरीत जाईपर्यंत. सोडताना श्वास जरा लांबवला तर धडधड कमी होते, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके तसेही थोडे मंदावतात. डोळे मिटून घाबरल्यासारखं झालं तर उघडे ठेवा. अन् मन भटकलं म्हणजे आपल्याला जमत नाही असं धरून बसू नका, माझं अजून भटकतं, परत आणायचं एवढंच काम आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. जेवण जात नसेल, आठवडा-आठवडा झोप नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर ते ध्यानावर ढकलू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर मदत करणारा, नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. घरात कोणाला तरी सांगा अन् सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवा. माझ्या चुलतभावाला गोळ्यांनीच फरक पडला, ध्यानानं नाही.

अन् पंचनामा झाला का? नसेल तर आधी तलाठ्याला गाठा, पिकाचे फोटो काढून ठेवा, ध्यानाला संध्याकाळी बसता येतं.