आयडियलचं सदस्यत्व तपासायची रीत आहे, मग तो प्रश्न अवघड का म्हणतात?

तुम्ही विचारलंय, दिलेली बहुपदी आयडियलमध्ये (म्हणजे काही ठरावीक बहुपदींना हव्या त्या बहुपदींनी गुणून आणि बेरीज करून जे जे मिळतं, त्या संचात) आहे की नाही हे ठरवायची रीत १९२६ पासून माहीत असताना त्याला अवघड का म्हणायचं, आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का. पहिला भाग वाचला आणि राहवलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात माझे गाईड हेच म्हणायचे.

घरी कापसाची वेचणी सुरू होती. ती आईवर टाकून मी तीन रात्री लॅबमध्ये काढल्या. बुखबर्गरच्या रीतीने सहा चलांचा ग्रोबनर बेसिस काढत होतो, म्हणजे त्याच आयडियलच्या अशा बहुपदी, की त्यांनी भागून शेष शून्य आला तरच दिलेली बहुपदी आयडियलमध्ये. दिलेल्या बहुपदी लहानच, पण मधल्या बहुपदींचे सहगुणक ओळीच्या ओळी भरायचे. मेमरी संपायची, मशीन थिजायचं. एका रात्री लोडशेडिंगने सगळंच नेलं. सर म्हणाले, "अल्गोरिदम हाय ना, मंग चूक तुयाच प्रोग्रामात हाय." सही दिली नाही. वर्ष गेलं.

गणिती ग्रेटे हेरमानने १९२६ मध्ये ही रीत देताना लागणाऱ्या गुणक बहुपदींच्या कोटीची (डिग्रीची) जी मर्यादा दिली, तीच मुळात घातावर घात चढलेली. १९८२ मध्ये अर्न्स्ट मायर आणि अल्बर्ट मेयर यांनी दाखवलं की हे टळणारं नाही. त्यांच्या बहुपदी दोन-दोन पदांच्या, सहगुणक एक आणि उणे एक. अशी प्रत्येक बहुपदी म्हणजे अदलाबदलीचा नियम: इतक्या पायल्या ज्वारीला तितक्या पायल्या तूर, आणि उलटही. असे नियम पायरीवर पायरी रचले की दर पायरीला मोजणीचा वर्ग होतो. दहाव्या पायरीला २ चा १०२४ वा घात, म्हणजे ३०९ अंकी संख्या! नियम मात्र पायऱ्यांच्या प्रमाणातच वाढतात. म्हणून परिमेय सहगुणकांसाठी हा प्रश्न एक्स्पस्पेस-कम्प्लीट (EXPSPACE-complete) आहे, म्हणजे घातांकी मेमरीत सुटणाऱ्या प्रश्नांतल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी. वेळेचं सोडा, मेमरीच घातांकी लागते.

विषय जरूर घ्या. पण 'रीत आहे' आणि 'रीत पेलते' यातला फरक गाईडला मान्य आहे का, हे आधी विचारा. नसेल तर गाईड बदला.

हे सगळं सर्वांत वाईट उदाहरणांबद्दल आहे. एकच चल असेल तर मसावि काढून भागतं. आयडियल समघाती असेल, म्हणजे ते ज्या बहुपदींपासून बनतं त्यातल्या प्रत्येकीच्या सगळ्या पदांची कोटी सारखी असेल, तर बहुपदीय मेमरी पुरते. १ आयडियलमध्ये आहे का, एवढंच विचारलं तर गणिती यानोश कोलारच्या १९८८ च्या निकालामुळे कोटीची मर्यादा घातावर घात न चढता एकाच घातावर निभावते. माझं उदाहरण मायर-मेयरच्या जातीचं होतं असाही माझा दावा नाही. पण तोच प्रोग्राम पुढे जास्त मेमरीच्या मशीनवर चालवला, एक ओळही न बदलता. सकाळी उत्तर आलेलं होतं: शेष शून्य, म्हणजे बहुपदी आयडियलमध्ये होती.