स्काडाच्या कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरच्या इतक्या ओळी का असतात?

तुमच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या स्काडाच्या, म्हणजे पीसीवरून प्लांट पाहायच्या आणि चालवायच्या यंत्रणेच्या, कोटेशनमध्ये पीएलसीखाली (पंप-व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर) सॉफ्टवेअरच्या चार ओळी आहेत, त्यातलं नक्की काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी औद्योगिक ऑटोमेशनमध्ये काम करतो. अशी कोटेशनं लिहितो आणि तपासतोही.

आधी इंजिनिअरिंग आणि रनटाइम वेगळे काढा. प्रोग्राम लिहायला किंवा बदलायला लागतं ते इंजिनिअरिंग लायसन्स. कंट्रोल रूमच्या पीसीवर रात्रंदिवस स्क्रीन चालू ठेवतं ते रनटाइम. प्रोग्रामला हात लावणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर इंजिनिअरिंग लायसन्स कपाटात पडून राहील. इंटिग्रेटरकडे, म्हणजे ही यंत्रणा बसवून देणाऱ्या कंपनीकडे, ते असतंच. पीएलसीच्या आतल्या लॉजिकला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, पण काही जादा सोयींना पडतात. उदाहरणार्थ, सीमेन्सच्या एस७-१५०० पीएलसीवर ओपीसी यूए (दुसऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरशी माहितीची देवाणघेवाण करायची पद्धत) वापरायचं तर सीपीयूनुसार लायसन्स घ्यावं लागतं.

रनटाइमची किंमत बहुधा टॅगवर ठरते; टॅग म्हणजे स्काडामध्ये नाव देऊन ठेवलेला एकेक सिग्नल किंवा आकडा. सीमेन्सच्या विनसीसी या स्काडामध्ये पीएलसीशी जोडलेले टॅग मोजतात, स्काडाच्या आतले नाही, आणि लायसन्स १२८, ५१२, २०४८ अशा टप्प्यांत मिळतं. एका पंपाला स्टार्ट, स्टॉप, रनिंग, ट्रिप, ऑटो-मॅन्युअल आणि चाललेले तास धरले तर सहा टॅग होतात. ४० पंपांचे २४०. फ्लो, लेव्हल, क्लोरीन अशी ३० उपकरणं, प्रत्येकी चार टॅग, म्हणजे आणखी १२०. एकूण ३६०. आज हे ५१२ मध्ये आरामात बसतं, पण उद्या चार फिल्टर बेड वाढले की व्हॉल्व्हच्या सिग्नलांनीच उरलेली जागा भरत येते. चांगला प्रोग्रामर १६ डिजिटल (चालू-बंद) सिग्नल एका वर्डमध्ये, म्हणजे १६ बिटांच्या एका आकड्यात, भरून एकाच टॅगमध्ये आणतो, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी त्याच्याकडून टॅगची यादी मागून घ्या. इग्निशनसारख्या स्काडामध्ये सर्व्हरचं लायसन्स घेतलं की टॅग आणि क्लायंटची (स्क्रीन दाखवणाऱ्या पीसींची) संख्या मोजत नाहीत. पाच-सहा ठिकाणी स्क्रीन हवे असतील तर तेही कोटेशन मागवाच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लायसन्स राहतं कुठे याची. जीईच्या आयफिक्स या स्काडाच्या अनेक जुन्या बसवणुकींत ते यूएसबी डोंगलमध्ये (पीसीला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या चावीत) असतं. तो नसेल तर सॉफ्टवेअर डेमोमध्ये दोन तास चालतं. रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक या स्काडाचं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या किंवा हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधता येतं. सीमेन्सची लायसन्स की डिस्कवरच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. आयटीवाल्याने पीसी फॉरमॅट केला की ती गेली, म्हणून त्याआधी सीमेन्सच्या ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर या प्रोग्राममधून ती पेनड्राइव्हवर हलवायची असते. प्रोजेक्टचा बॅकअप असून उपयोग नाही, त्यात की येत नाही. अशा वेळी पीएलसी पंप चालवत राहतो, पण ऑपरेटरला क्लोरीनचा आकडा दिसत नाही, अलार्म वाजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या प्लांटमध्ये हे एक रात्रही चालणार नाही.

त्यातच इंटिग्रेटरने लायसन्स स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं असेल तर नव्या पीसीवर ते पुन्हा चालू करायला त्याचेच पाय धरावे लागतात. तो फोन उचलेनासा झाला तर पैसे भरूनही लायसन्स तुमच्या हातात नाही.

लायसन्स कायमचं असलं तरी ते त्या आवृत्तीचं असतं. नवा पीसी घेतला, त्यावर नवं विंडोज आलं, जुनी आवृत्ती त्यावर चालत नाही आणि अपग्रेडचे पैसे वेगळे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे हा खर्च सध्या बऱ्याच प्लांटच्या दाराशी आलाय.

पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) एवढं स्पष्ट लिहून घ्या: लायसन्स तुमच्या संस्थेच्या नावावर आणि तुमच्या कार्यालयीन ईमेलवर नोंदवलेलं हवं, सर्टिफिकेट आणि डोंगल किंवा की हँडओव्हरच्या वेळी हातात हवी, वापरलेल्या टॅगची यादी सोबत हवी, आणि पीसी बदलल्यावर लायसन्स कसं हलवायचं हे इंटिग्रेटरने तुमच्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.