ठाण्यात राहून गीता प्रेसची मराठी पुस्तकं कशी मिळवावीत, आणि ती इतकी स्वस्त कशी?

दादरला गाडी बदलून मरीन लाइन्सला उतरा, प्रिन्सेस स्ट्रीटवर त्यांचं दुकान आहे. मुखपृष्ठावरचा कोड नंबर सांगूनच मागा. नुसतं ‘गीता’ म्हणालात तर हिंदी हातात पडेल, नाहीतर गुटका, म्हणजे खिशात मावणारी छोटी आवृत्ती, जिची बारीक अक्षरं घरातल्या आजीला वाचता येणार नाहीत. रोजच्या पाठाला ग्रंथाकार, म्हणजे मोठ्या आकाराचाच बरा.

१९२३ साली जयदयाल गोयंदकांनी गोरखपूरला प्रेस काढला. जाहिराती नाहीत, देणग्या नाहीत. स्वस्त विकून होणारा तोटा गोविंद भवन कार्यालय ही मूळ संस्था आपल्या इतर विभागांतून भरून काढते. गांधी शांतता पुरस्काराचे १ कोटीही घेतले नाहीत, मानपत्र तेवढं घेतलं.

गीता प्रेसच्या ‘कल्याण’ मासिकाचा आपल्या कल्याण स्टेशनाशी संबंध नाही हं! पण १९२६ला ते निघालं मुंबईतूनच. वर्गणी जानेवारीपासूनची, पहिलाच अंक जाडजूड विशेषांक असतो.