तबकडी घ्यावी की ॲपवरच ऐकावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत नाट्यगीतांच्या तबकड्या सापडल्या. काही जड, ठिसूळ, काही लवचिक. एकाच प्लेअरवर दोन्ही वाजतील का? (शहापूर)

वाजतील, पण सुई बदलून. जड त्या लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लवचिक त्या विनाइलच्या. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची, म्हणजे विनाइलच्या लांब वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. म्हणून प्लेअरला 78 चा वेग आहे का आणि त्यासाठी वेगळी सुई मिळते का, हे विचारूनच पैसे मोजा. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. पोलादी सुई एका फेरीतच खाच खरवडते. लाखेची तबकडी स्पिरिटनं कधीच पुसू नका, लाख विरघळते.

लेबलवरचे क्रमांक वहीत उतरवून ठेवा आणि ती गाणी ॲपवर शोधा. न सापडणारी आधी डिजिटल करून घ्या. तुमच्या ट्रंकेचं खरं मोल तिथंच आहे, बाकीची गाणी मोबाईलवर ऐकलीत तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडं पावसात नेट जातं, वीजही जाते. मग तबकडीच बरी की! (खानापूर)

वीज गेल्यावर टर्नटेबल तरी कुठं फिरणार? आणि खानापूरच्या पावसात पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी धरते ती वेगळीच. तबकड्या उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका. माळ्यावर तर नकोच; एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली विनाइल वाकतं. सशुल्क ॲपवर गाणी नेट असताना उतरवून ठेवता येतात. 320 केबीपीएस या वरच्या दर्जाला तासाला साधारण 144 एमबी लागतात.

प्रश्न : विनाइलच्या आवाजात ऊब असते म्हणतात. खरं का? (टिळकवाडी)

वेगळेपण खरं, श्रेष्ठपण नाही. सुईची थोडी विकृती, तबकडी कापताना खालच्या-वरच्या सुरांवर घातलेली मर्यादा, यातून तो गोडवा येतो. मोजायला गेलं तर सीडीच्या दर्जाचा डिजिटल आवाज अधिक स्वच्छ असतो. शिवाय आजच्या अनेक नव्या एलपी डिजिटल मास्टरवरूनच (मूळ ध्वनिमुद्रणावरूनच) कापलेल्या असतात.

ख्यालाच्या बाबतीत मी उघड ॲपच्या बाजूनं आहे. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपते, मैफिलीतला राग तेवढ्यात मावत नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मैफिली अखंड ऐकायच्या तर लांब ध्वनिमुद्रणच हवं. फक्त ॲपचं शफल बंद ठेवा, नाहीतर विलंबितानंतर भलतंच काहीतरी सुरू होतं.

प्रश्न : पंधरा हजारांचं बजेट आहे. सुटकेसवाला प्लेअर घेऊ? (निपाणी)

नको. त्यातल्या बऱ्याच प्लेअरांची सुई चार-पाच ग्रॅम दाबते. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दोन ग्रॅमच्या आसपास पुरतं. जास्त दाबानं खाच झिजते, आणि त्याचे अंगचे स्पीकर तर नावालाच. घरात तबकड्या नसतील तर सगळे पैसे स्पीकरच्या जोडीवर घाला, वायरनं जोडा आणि ॲप लावा. ब्लूटूथवर लॉसलेसचा, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या आवाजाचा, फायदा बराचसा वाया जातो.

तबकड्या असतीलच, तर थांबून पैसे साठवा: टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र), स्पीकर आणि पुढं बदलायची सुई, असा चौपदरी खर्च आहे.