मराठी भाषकांना शिकवलेले कोकणी शब्द पंधरा दिवसांत का उडतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त पणजीत आलेल्या मराठी भाषकांचा कोकणीचा वर्ग घेता. वर्गात सगळ्यांना सगळं समजतं, पण पंधरा दिवसांनी बोलायला उभं केलं की तोंडातून मराठीच बाहेर पडते.

दुखणं त्या 'सगळं समजतं' मध्येच आहे. मल्याळी माणसाला कोकणी शब्द आठवावा लागतो, मराठी माणसाचं नुसता ओळखूनही भागतं. 'उदक' ऐकलं, पाणी कळलं, विषय संपला. शब्द पक्का होतो तो डोक्यातून ओढून काढल्याने, आणि ती वेळ या लोकांवर येतच नाही. दोन रकान्यांची वही, जोड्या लावा, चार पर्यायांतून निवडा, हे प्रकार या वर्गापुरते बंदच करा.

त्याऐवजी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या करा. पुढे मराठी वाक्य, मागे कोकणी. 'मला पाणी आणून दे', उलट बाजूला 'म्हाका उदक हाडून दी'. चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं, चुकीचं का असेना. सुटा शब्द लिहू नका. नुसतं 'हाड' लिहिलंत तर मराठी डोळ्याला त्यात अस्थीच दिसणार.

असे फसवे शब्द हीच तुमच्या वर्गाची खरी खाण. 'पळय' म्हणजे बघ, पळ नव्हे. 'जाय' म्हणजे पाहिजे, 'नाका' म्हणजे नको. 'भाव' हा भाऊ. 'आयज नुस्तें ना' म्हणजे आज मासळी नाही. नवखा माणूस मात्र 'नुसतं काय नाही?' म्हणून बघत राहतो. यांची यादी करून एका तासात शिकवण्याचा मोह होतो, पण तसं केलं की ते एकमेकांत मिसळतात. एका तासाला एकच घ्या आणि तो प्रसंगात बसवा: एकाने विचारायचं 'च्या जाय?' (चहा हवा?), दुसऱ्याने 'नाका' म्हणायचं, दहा-बारा जोड्यांत फिरवायचं. जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची) असे पोर्तुगीजमधून आलेले शब्द उलट फारसे छळत नाहीत, कारण त्यांच्यासारखं दिसणारं मराठीत काही नाही.

मिसळण्याचा हाच धोका रंग, नाती, वार यांच्या तक्त्यांना आहे. पाठ्यपुस्तकांना ते प्रिय असतात, पण एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकले की एकमेकांना अडवतात, हे प्रयोगांतही दिसून आलंय. रंग वेगवेगळ्या आठवड्यांत, वस्तूला बांधून द्या: आज 'तांबडी भाजी', पुढच्या आठवड्यात 'पाचवी मिरसांग' (हिरवी मिरची). लिंगही फुकटात पाठ होतं.

आंबा-आंबो, घोडा-घोडो हा नियम पहिल्या महिन्यात जरूर सांगा, शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो. नंतर तोच अंगलट येतो. लोक बिनधास्त 'मुलगो' म्हणतात (हवा 'चलो' किंवा 'भुरगो'), आणि राजा तर कोकणीतही राजाच. जिथे नियम चालत नाही त्या शब्दांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या ठेवा.

उजळणीसाठी पाच कप्प्यांची पेटी पुरे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये ती लोकप्रिय केली. पहिला कप्पा रोज, मग ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. 'जवळपास आलं होतं' ही सवलत नाही. पेटी बिघडते ती तिथेच. आठवड्याला तीन तास आणि तासाला ८ ते १० नवे शब्द धरले, तर रोज साधारण ३० चिठ्ठ्या येतात, म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. रोजची संख्या ४० च्या वर गेली की नवे शब्द थांबवा. लोक पेटी सोडतात ती बहुधा साचलेल्या ढिगामुळे, आळसामुळे कमी.

तासाची पहिली १५ मिनिटं जुन्या चिठ्ठ्यांना द्या, नवीन शब्द त्यानंतर. शेवटची पाच मिनिटं त्याच दिवशीच्या शब्दांना, वह्या बंद करून.

वर्गाबाहेर एक अडचण हमखास येते. समोरच्या गोंयकाराला तुमचा विद्यार्थी मराठी आहे हे कळलं की तो सौजन्याने मराठीत वळतो. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात 'म्हजेकडेन कोंकणींत उलयात' (माझ्याशी कोकणीत बोला) हे वाक्य घोटून घ्या. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पाठवा, ठरलेल्या पाच वाक्यांसह. दहा दिलीत तर एकही बोलून होत नाही. म्हापशाच्या त्या बार्देस तालुक्यात 'म्हाका'चं 'माका' ऐकू येईल हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर परत येऊन तुमचीच चूक काढतील.

महिन्यातून एकदा शेवटच्या कप्प्यातल्या कुठल्याही २० चिठ्ठ्या काढून तोंडी विचारा. चारपेक्षा जास्त चुकल्या, तर पुढचा आठवडा नवा शब्द देऊ नका.